ऐतिहासिक लढाऊ विमानांचा जीर्णोद्धार : उड्डाण आणि पुरावा

संग्रहालयातील नाणे पुन्हा बाजारात चालवून पाहावे, असे कोणी सुचवीत नाही. ताम्रपटातील दान केव्हाच लयाला गेले असले, तरी ताम्रपट हा पुरावा म्हणून पूर्णच असतो. यंत्राच्या बाबतीत मात्र हा प्रश्न इतक्या सहजासहजी मिटत नाही. जी वस्तू केवळ गतीसाठीच घडविली गेली, ती निश्चल ठेवली असता तिचे जतन झाले असे म्हणावयाचे, की फक्त तिचा देह राखला असे म्हणावयाचे? दुसऱ्या महायुद्धातील विमानांच्या संदर्भात हा वाद गेली अनेक दशके चालू आहे. इंग्लंड व अमेरिका ह्या देशांत अशी विमाने दुरुस्त करून प्रत्यक्ष उडविण्याची मोठीच चळवळ उभी राहिली आहे. तिच्यात पैसा आहे, कारागिरी आहे, भक्ती आहे आणि अधूनमधून मृत्यूही आहे. भारताचा ह्या वादाशी संबंध वरवर दिसतो त्यापेक्षा पुष्कळच निकटचा आहे. परदेशांत पुनरुज्जीवित झालेल्या विमानांपैकी काही महत्त्वाची विमाने येथूनच गेली, आणि त्यांतील एक तर विश्वविद्यालयाच्या आवारातून गेले.

हे विमान म्हणजे हॉकर हरिकेन, क्रमांक आर ४११८. सिडनी कॅम ह्यांच्या आराखड्यावरून झालेल्या पहिल्या हरिकेनने नोव्हेंबर १९३५ मध्ये उड्डाण केले, आणि पुढे ह्या जातीची चौदा हजारांहून अधिक विमाने बांधली गेली. १९४० साली इंग्लंडच्या आकाशात जर्मन वायुदलाशी जो संग्राम झाला, त्यात कीर्ती स्पिटफायरच्या वाट्याला अधिक आली. शत्रूची विमाने मात्र हरिकेनने अधिक पाडली. आर ४११८ हे ग्लॉस्टर कंपनीने बांधलेले विमान त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ६०५ क्रमांकाच्या पथकाकडे आले. क्रॉयडनच्या तळावरून त्याने ४९ लढाऊ उड्डाणे केली, आणि शत्रूची पाच विमाने पाडण्यात वा निकामी करण्यात त्याचा भाग होता. १९४३ च्या अखेरीस ते भारतात धाडण्यात आले. १९४७ मध्ये अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी म्हणून ते बनारस हिंदू विश्वविद्यालयास मिळाले. तेथे ते १९८२ साली पीटर व्हॅचर ह्या इंग्रज गृहस्थांच्या दृष्टीस पडले. हे गृहस्थ वस्तुतः जुन्या रोल्स-रॉइस मोटारींच्या शोधात भारतात हिंडत होते. पुढे बऱ्याच वर्षांच्या खटपटीनंतर २००१ मध्ये विमान इंग्लंडला नेण्यात आले, सफोक परगण्यातील हॉकर रेस्टोरेशन्स ह्या कार्यशाळेत त्याचे काम झाले, आणि डिसेंबर २००४ मध्ये ते पुन्हा आकाशात गेले.

ह्या हकीगतीत एक विसंगती आहे, आणि ती अभ्यासकाने नजरेआड करू नये. बनारसला विमान उघड्यावर पडून होते, ह्याबद्दल हळहळ व्यक्त करण्याची रीत आहे. परंतु सेवेत राहिलेल्या विमानाचे भाग सतत बदलले जातात, नवीन यंत्रसामग्री बसविली जाते, जुनी काढून टाकली जाते. आणि युद्धोत्तर इंग्लंडमध्ये उरलेल्या हरिकेनपैकी बहुतेकांची तर मोड म्हणूनच विल्हेवाट लागली. आर ४११८ ला कोणी सुधारले नाही व कोणी मोडलेही नाही. उपेक्षेने त्याची झीज केली हे खरे, पण त्याचे १९४० चे स्वरूपही पुष्कळ अंशी उपेक्षेनेच राखले.

आता 'पुन्हा उडाले' ह्या दोन शब्दांत नेमके काय सामावलेले असते ते पाहू जाता विमानाच्या रचनेकडे वळावे लागते. हरिकेन हे संक्रमणकाळातील विमान होय. त्याचा सांगाडा पोलादी व ड्युरॅल्युमिनच्या नळ्यांचा असून त्या नळ्या वितळजोडाने न सांधता पट्ट्या व बोल्ट ह्यांनी जखडलेल्या असतात. सांगाड्याच्या मागील अर्ध्या भागावर लाकडी चौकटी व लांब काठ्या बसवून वर सुती-तागी वस्त्र ताणलेले असते, आणि त्यावर विशिष्ट रोगणाचे हात दिलेले असतात. ह्याच्या उलट स्पिटफायरच्या अंगाचा धातूचा पत्राच भार सोसतो. साहजिकच दोहोंची दुरुस्ती अगदी निराळी. हरिकेनचे लाकूड व वस्त्र पुन्हा वापरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ते सर्व नव्याने करावे लागते. पोलादी नळ्या तपासून, गंज काढून, काही ठेवता येतात. खरी अडचण येते ती पंखांच्या मध्यविभागातील तुळयांपाशी. ह्या तुळयांच्या कडा अतिकठीण पोलादाच्या पट्टीला बारा बाजूंच्या नळीचा आकार देऊन केलेल्या असतात. असा आकार देणारी यंत्रसामग्री युद्धानंतर केव्हाच नाहीशी झाली होती, व ती चालविणारी माणसेही. तेव्हा विमान दुरुस्त करण्याआधी ते दुरुस्त करण्याची विद्या पुन्हा संपादन करावी लागली. रुळांचे आकार कोणते असावेत, पोलाद किती टप्प्यांत वाकवावे, ह्याचे ज्ञान मूळ आराखड्यांत पूर्णपणे उतरलेले नसते. ते कारखान्यातील कामगाराच्या हातात असते. उड्डाणाच्या बाजूने जे सर्वांत भक्कम विधान करता येते ते येथेच करता येते. विमान नुसते प्रदर्शनात ठेवावयाचे असते, तर बारा बाजूंच्या तुळईऐवजी रंगविलेली गोल नळी चालली असती आणि कोणाच्या लक्षातही आले नसते. आकाशाला मात्र फसविता येत नाही. उडवावयाचे म्हटले की प्रत्येक सांधा मूळ हेतूप्रमाणे घडवावा लागतो, आणि तो घडविताना १९३० नंतरच्या दशकातील अभियंत्याने काय विचार केला असेल, ह्याचा उलगडा हातानेच होत जातो.

तथापि अशा रीतीने नवे लाकूड, नवे वस्त्र आणि पुष्कळसे नवे पोलाद धारण केलेले विमान हे तेच विमान आहे काय? पाश्चात्त्य लेखक ह्या ठिकाणी ग्रीक पुराणातील थीसिअसच्या जहाजाचा दाखला देतात. भारतीय वाचकाला 'मिलिंदपञ्ह'मधील रथ अधिक जवळचा वाटेल. नागसेनाने मिलिंद राजाला विचारले ते असे की, दांडा म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय. आणि राजाला प्रत्येक वेळी नाही म्हणावे लागले. विमानांच्या व्यवहारात ह्या प्रश्नाचे उत्तर तत्त्वज्ञानाने नव्हे, तर एका लहानशा धातूच्या पट्टीने दिले जाते. कारखान्यात विमानावर क्रमांकाची जी पट्टी ठोकलेली असते, ती व तिच्यासोबतची कागदपत्रे ज्याच्याजवळ, त्याचे विमान हेच अस्सल विमान, असा जवळजवळ संकेतच पडून गेला आहे. पुरीच्या जगन्नाथाच्या नवकलेवर विधीत मूर्तीचे लाकूड बदलते, परंतु आतील ब्रह्मपदार्थ जुन्या मूर्तीतून नव्या मूर्तीत ठेवला जातो आणि देव तोच राहतो. पट्टीचे कार्य काहीसे तसेच आहे. फरक इतकाच की नवकलेवराच्या वेळी मूर्ती नवी आहे हे कोणी लपवीत नाही.

ह्या संकेताची ताण सोसण्याची मर्यादा कोठवर जाते, हे स्पिटफायर एन ३२०० च्या उदाहरणावरून दिसते. १९ क्रमांकाच्या पथकाचे हे विमान २६ मे १९४० रोजी, डंकर्कच्या माघारीच्या वेळी, स्क्वाड्रन लीडर जेफ्री स्टीफनसन ह्यांनी कॅलेजवळच्या समुद्रकिनाऱ्यावर उतरविले. ते स्वतः युद्धकैदी झाले. विमान वाळूत रुतत गेले. १९८६ मध्ये ते वाळूतून वर काढण्यात आले, २०१४ मध्ये त्याने पुन्हा उड्डाण केले, आणि २०१५ मध्ये ते डक्सफर्ड येथील इंपीरियल वॉर म्युझियमला भेट म्हणून मिळाले. शेहेचाळीस वर्षे खाऱ्या वाळूत राहिलेल्या ॲल्युमिनियमचा कितीसा अंश पुन्हा वैमानिकाचा भार पेलण्याच्या योग्यतेचा असेल, हे सांगण्यासाठी धातुशास्त्राची गरज नाही. तरीही हे विमान एन ३२०० म्हणूनच ओळखले जाते, व त्या ओळखीमुळेच लोक ते पाहावयास येतात. येथे दोष कारागिरांचा नाही. त्यांचे काम उत्कृष्टच आहे. दोष असलाच तर 'जीर्णोद्धार', 'पुनर्बांधणी' आणि 'प्रतिकृती' ह्या तीन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द वापरण्याच्या सवयीचा आहे.

जुना धातू वापरता येत नाही तो केवळ गंजामुळे नव्हे. पोलादाच्या बाबतीत ताण एका मर्यादेखाली ठेवला तर तो कितीही वेळा दिला तरी चालतो. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंना अशी निश्चित मर्यादा नाही. ताण लहान असला तरी त्याची प्रत्येक आवृत्ती कोठेतरी जमा होत असते, आणि ही जमा डोळ्यांना दिसत नाही. युद्धकाळातील लढाऊ विमान काही शे तास टिकले तरी पुरे, अशा हिशेबाने बांधले जाई. ते ऐंशी वर्षांनी उडेल हे आराखडा करणाऱ्याच्या स्वप्नातही नव्हते. चाकांच्या व इंजिनांच्या ओतीव भागांत वापरलेले मॅग्नेशियमचे मिश्रधातू दमट हवेत लवकर खातात. रबराच्या नळ्या, टाक्यांचे अस्तर, विजेच्या तारांवरील वेष्टन ही तर सर्वच काढून टाकावी लागतात. हरिकेन व स्पिटफायर ह्यांच्यातील रोल्स-रॉइस मर्लिन हे बारा सिलिंडरांचे, सत्तावीस लिटर धारणेचे इंजिन आजही दुरुस्त होते, कारण ते फार मोठ्या संख्येने बांधले गेले व सुटे भाग शिल्लक राहिले. पण युद्धकाळी मिळणारे उच्च प्रतीचे इंधन आता मिळत नाही, आणि इंजिनही वाचवून वापरावयाचे असते, म्हणून त्याची पूर्ण शक्ती उपयोगात आणली जात नाही. म्हणजे आज प्रेक्षक जे पाहतात व ऐकतात ते १९४० चे विमान खरे, परंतु आवरून धरलेले. ब्रिटनमधील हवाई नियामक संस्था अशा विमानांना नेहमीचे उड्डाणयोग्यता-प्रमाणपत्र देत नाही. मर्यादित स्वरूपाचे उड्डाण-अनुज्ञापत्र देते. त्या एका कागदात वरील सर्व शंकांची कबुली असते.

ह्या शंका किती खऱ्या आहेत ते दाखविणाऱ्या घटना दुर्दैवाने थोड्या नाहीत. लिबियात १९४२ साली हस्तगत झालेले 'ब्लॅक सिक्स' ह्या नावाने ओळखले जाणारे जर्मन मेसरश्मिट १०९ विमान रस स्नॅडन ह्यांच्या नेतृत्वाखाली हौशी कारागिरांनी जवळजवळ एकोणीस वर्षे खपून उभे केले. मार्च १९९१ मध्ये ते उडाले. सरकारी मालकीचे हे विमान मर्यादित काळापुरतेच उडवून नंतर कायमचे संग्रहालयात ठेवावयाचे, असे ठरले होते. ऑक्टोबर १९९७ मध्ये, त्याच्या ठरलेल्या अखेरच्या उड्डाणात, डक्सफर्ड येथे उतरताना ते शेतात जाऊन उलटले. वैमानिक बचावले, विमान पुन्हा दुरुस्त झाले, पण केवळ प्रदर्शनापुरते. ह्या उदाहरणाचे महत्त्व असे की, आफ्रिकेतील युद्धातून जे भाग शाबूत आले होते, त्यांतील काहींचा नाश युद्धाने नव्हे, तर प्रदर्शनाने केला.

'ब्लॅक सिक्स'च्या अपघातात कोणी मेले नाही. २२ ऑगस्ट २०१५ रोजी इंग्लंडमध्ये शोरॅम येथे हॉकर हंटर हे जुने जेट विमान कसरत करीत असता रस्त्यावर कोसळले आणि अकरा जण ठार झाले; त्यांतील कित्येकजण विमान पाहावयास आलेलेही नव्हते. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे दोन जुनी लष्करी विमाने हवेत एकमेकांवर आदळून सहा जणांचा अंत झाला. अभ्यासाच्या दृष्टीने अधिक उद्बोधक घटना २ ऑक्टोबर २०१९ ची आहे. कनेक्टिकट राज्यातील ब्रॅडली विमानतळावर कॉलिंग्ज फाउंडेशनचे 'नाइन-ओ-नाइन' हे बी-१७ जातीचे बाँबफेकी विमान उतरताना कोसळले. आत तेरा जण होते, त्यांपैकी सात दगावले. चौकशीत उजवीकडील इंजिनांच्या प्रज्वलन-व्यवस्थेतच दोष आढळले: एका इंजिनाचा मॅग्नेटो निकामी होता, तर दुसऱ्याचे स्पार्क प्लग ठरलेल्या मापाबाहेर झिजलेले होते. विमान चालविणारे गृहस्थच संस्थेच्या देखभाल-विभागाचेही प्रमुख होते, हीही गोष्ट अहवालात पुढे आली. म्हणजे धातूचे वय हे कारण नव्हते. साध्या, नेहमीच्या, कोणत्याही मोटार-दुरुस्तीच्या दुकानात समजणाऱ्या देखभालीची उणीव हे कारण होते. ऐतिहासिक विमानाभोवती जे श्रद्धेचे वलय असते ते अशा वेळी उपकारक ठरत नाही.

ह्याउलट ब्रिटनच्या व्हल्कन एक्सएच ५५८ ह्या प्रचंड जेट बाँबफेकी विमानाची कथा शहाणपणाची आहे. २००७ मध्ये ते पुन्हा उडू लागले आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये, काहीही अपघात न होता, थांबविण्यात आले. विमानाचा तांत्रिक भार वाहणाऱ्या कंपन्यांनी पुढील जबाबदारी घेण्यास नकार दिला, हे त्यामागील कारण. ज्यांनी यंत्र बनविले त्यांच्या ज्ञानाचा आधार सुटला की उड्डाण संपते, हा नियम येथे निमूटपणे मान्य करण्यात आला.

भारताच्या दृष्टीने ह्या सर्व विषयातील सर्वांत मोठे प्रकरण लिबरेटर विमानांचे होय, आणि आश्चर्याची गोष्ट अशी की जीर्णोद्धाराचा हा इतका धाडसी प्रयोग हौसेने नव्हे, तर गरजेने झालेला आहे. चार इंजिनांचे कन्सॉलिडेटेड बी-२४ लिबरेटर हे अमेरिकन बाँबफेकी विमान अठरा हजारांहून अधिक संख्येने बांधले गेले. ब्रिटिश वायुदलाने ब्रह्मदेशाच्या आघाडीवर वापरलेली ह्या जातीची विमाने युद्ध संपल्यावर कानपूर येथे जमा करण्यात आली. ती लेंड-लीज कराराखाली मिळालेली असल्यामुळे परत करणे किंवा नष्ट करणे हे दोनच मार्ग होते. दुसरा मार्ग पत्करून त्यांना हेतुपुरस्सर निकामी करण्यात आले व तसेच सोडून देण्यात आले. स्वातंत्र्यानंतर, काश्मीरचे युद्ध चालू असताना, भारताला जड बाँबफेकी विमाने हवी होती आणि ती विकत घेणे सोपे नव्हते. तेव्हा कानपूरच्या ह्या भंगारातून विमाने उभी करण्याचे काम हिंदुस्थान एअरक्राफ्ट ह्या बंगळूरच्या कारखान्याकडे आले. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद ह्यांच्या पुढाकाराने १९४० मध्ये स्थापन झालेल्या ह्या कारखान्याला युद्धकाळात अमेरिकन विमानांच्या दुरुस्तीचा भरपूर सराव झाला होता. शिवाय लिबरेटरचे प्रॅट अँड व्हिटनी इंजिन हे डकोटाच्या इंजिनाच्या कुळातलेच होते, आणि डकोटा विमाने देशात मुबलक होती. ह्या दोन गोष्टी नसत्या तर हे काम बहुधा कागदावरच राहिले असते.

कामाची रीत साधी, पण अंगावर काटा आणणारी होती. एका विमानाचा भाग दुसऱ्याला जोडून, उडण्यापुरती डागडुजी कानपुरातच करावयाची, आणि मग कारखान्याचे चाचणी-वैमानिक जमशेद मुन्शी ह्यांनी ते विमान बंगळूरला उडवीत न्यावयाचे. पुरती दुरुस्ती तेथे होई. अशी चाळीसच्या आसपास विमाने नेण्यात आली. नोव्हेंबर १९४८ मध्ये ५ क्रमांकाच्या पथकाला पहिली लिबरेटरे मिळाली. १९५१ मध्ये ६ क्रमांकाचे पथक पुण्यास पुन्हा उभारण्यात आले, व सागरी टेहळणीसाठी त्याने ही विमाने वापरली. ज्या काळात इतरत्र लिबरेटरची मोड चालली होती, त्या काळात भारतात ती सेवेत होती, आणि १९६८ पर्यंत राहिली.

ह्याचा परिणाम असा झाला की, लिबरेटर हवे असेल तर भारताकडे वळणे जगातील संग्रहालयांना भाग पडले. १९६८ मध्ये एक कॅनडास गेले, १९६९ मध्ये एक अमेरिकेतील टक्सन येथे, १९७४ मध्ये एक ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमकडे. भंगार म्हणून टाकून दिलेली ही विमाने महासागर व खंड ओलांडीत स्वतः उडत गेली. बंगळूरच्या कामगारांच्या कामाचे ह्याहून मोठे प्रशस्तिपत्र सापडणे कठीण.

ह्यांशिवाय आणखी एका विमानाचा वृत्तान्त येथे तपशिलाने द्यावयास हवा. १९४४ मध्ये टेक्ससमधील फोर्ट वर्थ येथे बांधलेले, ब्रिटिश वायुदलात केएच १९१ व भारतीय वायुदलात एचई ७७१ ह्या क्रमांकांनी वापरलेले लिबरेटर १९६८ नंतर बेवारस पडून होते. १९८१ मध्ये एका ब्रिटिश संग्राहकाने ते विकत घेतले व सुटे करून इंग्लंडला नेले. १९८४ मध्ये ते अमेरिकेतील वर उल्लेखिलेल्या कॉलिंग्ज फाउंडेशनने घेतले, आणि १९८९ मध्ये ते पुन्हा उडू लागले. त्या वेळी त्याला 'ऑल अमेरिकन' ह्या युद्धकालीन विमानाचा रंग देण्यात आला. १९९८ मध्ये तो खरवडून 'द ड्रॅगन अँड हिज टेल' हा दुसरा, आणि २००५ मध्ये 'विचक्राफ्ट' हा तिसरा रंग आला. तिन्ही नावे अमेरिकन वायुदलातील विमानांची. ज्या यंत्रावर ती चढविली गेली ते मात्र अमेरिकन वायुदलातर्फे कधीही लढलेले नाही. त्याने ब्रिटिशांची सेवा थोडा काळ आणि भारताची सुमारे दोन दशके केली.

हा रंगबदल करणाऱ्यांची बाजू समजण्यासारखी आहे. ज्या अमेरिकन तरुणांनी युरोपात व पॅसिफिकमध्ये ह्या जातीच्या विमानांतून प्राण दिले त्यांचे स्मरण व्हावे हा त्यांचा हेतू होता, आणि ज्यांच्या देणग्यांवर विमान उडत होते त्या वृद्ध सैनिकांना एचई ७७१ ह्या क्रमांकाचे काही वाटण्याचे कारण नव्हते. स्मारक म्हणून हे चालेल. इतिहासाचे साधन म्हणून मात्र हे अत्यंत महाग पडते. शिलालेखावर नवा मजकूर कोरण्यासाठी जुना घासून टाकला तर नवा मजकूर कितीही पूज्य असला तरी त्याला जतन म्हणत नाहीत. रंगाखालच्या पत्र्यावर कारखान्यातील ठिगळे असतात, मोजमापाच्या खुणा असतात, कोणत्या विमानाचा भाग कोणाला जोडला ह्याचे दाखले असतात. विमान पुन्हा उडण्यासाठी उलगडले जाते तेव्हा हे सर्व प्रथम उघडे पडते आणि बहुधा त्याच दिवशी नाहीसेही होते. उत्खननात वरचा थर काढल्यावाचून खालचा दिसत नाही, आणि काढलेला थर परत ठेवता येत नाही. म्हणूनच पुरातत्त्वज्ञ काढण्याआधी नोंद करतो. विमानाच्या कार्यशाळेत नोंदी होतात त्या उड्डाणाची परवानगी मिळविण्यासाठी, म्हणजे नवे काय बसविले ह्याच्या. काय काढले, ते कोणी व कधी बसविलेले होते, ह्याची नोंद ठेवण्यास कोणी बांधलेले नसते. उड्डाण आणि पुरावा ह्यांमधील खरा विरोध आहे तो ह्या ठिकाणी. मूळ धातू किती टक्के उरला हा प्रश्न त्या मानाने दुय्यम होय.

आपल्याकडील कायद्याची स्थितीही ह्या संदर्भात ध्यानात घ्यावयास हवी. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधीविषयक अधिनियमाप्रमाणे वस्तू पुरावस्तू ठरावयाची तर तिचे वय सामान्यतः शंभर वर्षे असावे लागते. हस्तलिखितादी दस्तऐवजांना पंच्याहत्तर वर्षांची सवलत आहे. राइट बंधूंचे पहिले उड्डाणच मुळी १९०३ चे. तेव्हा १९४० चे हरिकेन केवळ वयाच्या अटीने २०४० पूर्वी, आणि १९४४ चे लिबरेटर २०४४ पूर्वी, पुरावस्तू होऊ शकत नाही. मूर्ती व चित्रे डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या कायद्याकडून ह्याहून निराळी अपेक्षा करता येणार नाही, पण त्यामुळे यंत्रे आणि त्यांच्याबरोबरची कागदपत्रे देशाबाहेर गेली ती वारसा म्हणून नव्हे, तर जुना माल म्हणून. ब्रिटनमध्ये १९८६ च्या एका कायद्याने कोसळलेल्या लष्करी विमानांच्या अवशेषांना, ते कितीही अलीकडचे असोत, परवान्यावाचून हात लावण्यास बंदी आहे. तो कायदा मृतांच्या सन्मानासाठी झाला, तथापि पुराव्याचे रक्षणही त्याने ओघानेच झाले.

भारतीय वायुदलाने अलीकडे स्वतःची काही जुनी विमाने उडती केली आहेत. ऑक्टोबर २०१२ मध्ये वायुसेनादिनी हिंडन येथे टायगर मॉथ हे शिक्षणाचे विमान उडाले. हार्वर्ड हे दुसरे विमानही अशाच रीतीने सज्ज झाले. ४ मे २०१८ रोजी हिंडन येथेच 'परशुराम' नावाचे डकोटा दाखल झाले. डकोटाचे वैमानिक राहिलेले एअर कमोडोर (निवृत्त) एम. के. चंद्रशेखर ह्यांच्या सन्मानार्थ त्यांचे पुत्र राजीव चंद्रशेखर ह्यांनी ते वायुदलास भेट दिले. ब्रिटनमध्ये त्याची दुरुस्ती झाली, आणि युरोप व अरबस्तानमार्गे टप्प्याटप्प्याने उडत ते एप्रिलमध्ये जामनगरला उतरले. त्याच्या अंगावर व्हीपी ९०५ हा क्रमांक आहे. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला सैन्य घेऊन उतरलेल्या डकोटाचा हा क्रमांक. 'परशुराम' हे मूळचे ते विमान नव्हे. महायुद्धकाळात बांधलेले व पुढे ब्रिटनमध्ये नागरी कामात राहिलेले ते दुसरे डकोटा आहे. येथे क्रमांकाचा उपयोग स्मारकासारखा केलेला आहे, आणि तो तसा केला आहे हे उघड सांगितले जाते तोवर त्यात गैर काही नाही. परंतु आणखी दोन पिढ्यांनी हे यंत्र पाहणाऱ्याला ते १९४७ साली श्रीनगरच्या धावपट्टीवर उतरले होते असे वाटू नये, ह्यासाठी त्याचा स्वतःचा जन्मक्रमांक आणि मधल्या वर्षांचा वृत्तान्त कागदांत तितक्याच ठळकपणे राहावयास हवा.

लिबरेटरांपैकी एचई ९२४ हे विमान पालम येथील वायुसेना संग्रहालयासाठी राखण्यात आले. ते भारतीय वायुदलाच्याच चिन्हांत राहिले आहे, त्याच्यावर परक्या विमानाचे नाव कोणी रंगविले नाही, आणि उडवावयाचे नसल्यामुळे त्याची एकही तुळई काढण्याचे कारण पडलेले नाही. कानपूरच्या भंगारातील कोणत्या विमानाचा भाग कोणाला जोडला गेला, बंगळूरच्या कारागिरांनी कोणते ठिगळ कसे मारले, ही परीक्षा त्याच्या पत्र्यांवर व सांध्यांवर अजूनही करता येण्याजोगी आहे.